घराच्या नावे, मैदानाच्या जमा

या वेळी निवडलेली पाचही पत्रे एकाच प्रकारच्या माणसाबद्दल आहेत. ज्या पेठेत तो जन्मला तिथेच त्याने धंदा मांडला, तिथेच संसार केला, आणि संध्याकाळी दुकानाची किल्ली खिशात टाकून जो मैदानावर गेला तो ५०-६० वर्षे तिथलाच होऊन राहिला. अशा माणसाला राज्य ओळखत नाही, पण गावात त्याच्यावाचून एकही स्पर्धा पार पडत नाही. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, गेल्या वर्षी ८७ व्या वर्षी वारले. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात त्यांचे लेथचे लहानसे वर्कशॉप होते. आसपासच्या फौंड्रींचे कास्टिंग मशिनिंग करून द्यायचे, हा आमचा धंदा. तरुणपणी ते पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून खेळले आणि पुढे जवळजवळ ५० वर्षे संघाचे व्यवस्थापक, खजिनदार आणि पडेल ते काम करणारे होते. वर्षश्राद्धाला ४० पानांची स्मरणिका काढायचे ठरले आहे. ३० लेख आले आहेत, पण सगळे एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात. 'क्रीडामहर्षी', 'आधारवड', 'दीपस्तंभ' हे शब्द जागोजागी आहेत, आणि अण्णा मात्र कुठेच सापडत नाहीत. काय करावे? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : लेख एकसारखे निघाले याचा दोष लिहिणाऱ्यांना देऊ नका. 'अण्णांबद्दल चार शब्द लिहून द्या' असे आपण सांगितले असणार, आणि चार शब्द मागितले की माणसे चार विशेषणे देतात. त्याच ३० जणांना आता प्रत्येकी एकच, थोडा अडचणीचा प्रश्न विचारा. जुन्या गोलरक्षकाला विचारा की अण्णांनी त्याला संघातून कधी बसवले होते आणि कशासाठी. फौंड्रीवाल्यांना विचारा की माल वेळेत न मिळाल्याबद्दल त्यांनी अण्णांना कधी सुनावले होते का. तालमीजवळच्या चहावाल्याला विचारा की मॅचनंतरच्या चहाची उधारी कोणत्या महिन्यात चुकती होत असे. उत्तर तीन ओळींचे आले तरी ते दीपस्तंभापेक्षा जास्त उजेड पाडेल.

खरे म्हणजे स्मरणिकेचा गाभा आपण पत्रासोबत आधीच पाठवला आहे, हे बहुधा आपल्या लक्षात आलेले नाही. अण्णांच्या १९७४ च्या खिशातल्या डायरीच्या दोन पानांच्या छायाप्रती आपण 'अक्षर सुंदर होते' एवढ्यासाठी जोडल्या आहेत. त्यातल्या एका पानावर वरती 'हाउसिंग ४० नग, २ रिजेक्ट' असे लिहिले आहे, त्याखाली 'ब्लॅडर ३, लेस १ डझन, चरबी' अशी नोंद आहे, आणि अगदी तळाशी पेन्सिलीने 'धाकटीची फी, पुढच्या सोमवारी' असे आहे. मधली ओळ आजच्या मुलांना कळणार नाही, म्हणून ती स्मरणिकेत उलगडून सांगा. त्या काळचा बॉल म्हणजे चामड्याचे शिवलेले कवच, त्याच्या आत रबरी ब्लॅडर आणि फुगवून झाल्यावर तोंड आवळायला बुटासारखी लेस. चामडे पाणी प्यायले की बॉल शिशासारखा जड होई आणि डोक्याने मारणाऱ्याच्या कपाळावर लेस उमटे, म्हणून मॅचच्या आदल्या रात्री त्याला चरबी चोळून ठेवावी लागे. ती कोण चोळत असे आणि वर्कशॉपात की स्वयंपाकघरात, हे आईंना जरूर विचारा.

मग खालची ओळ पाहा. लेथवरचा माल, संघाचा बॉल आणि मुलीची फी या तिन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाच शिलकेतून चालल्या आहेत, आणि त्या दिवशी शिल्लक कमी पडल्यावर पुढे ढकलली गेली ती फी. मी हे अण्णांना दोषी ठरवण्यासाठी लिहीत नाही. सोमवारी फी भरली गेली असणार याची मला खात्री वाटते. पण मैदानाच्या नावाने जमा झालेला प्रत्येक रुपया आणि प्रत्येक संध्याकाळ कोणाच्या तरी नावे, म्हणजे खर्चाच्या बाजूला, पडलेली असते. आपल्याकडच्या स्मरणिका जमेची बाजू छापतात आणि नावेची बाजू कोरी ठेवतात. दोन्ही बाजू छापल्या तरच तो माणूस उभा राहतो. आपल्या धाकट्या बहिणीला त्या पानाबद्दल विचारा, आणि त्या जे सांगतील ते न बदलता छापा.

धंद्याबद्दलही असेच. आलेल्या लेखांत वर्कशॉपचा उल्लेख 'उद्योग सांभाळून त्यांनी क्रीडासेवा केली' एवढ्या अर्ध्या ओळीत उरकलेला असणार, आणि माझ्या मते तिथेच सगळे चुकते. जॉबवर्क करणारा लहान कारखानदार दुपारी तीन वाजता मशीन बंद करून शाहू स्टेडियमवर जाऊ शकतो, कारण त्याला हजेरी विचारणारा साहेब नसतो; मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कास्टिंग पोचवायचे असते, म्हणून मॅच संपल्यावर त्याच्या वर्कशॉपातला दिवा मध्यरात्रीपर्यंत जळतो. बँकेतल्या कारकुनाला हे जमत नाही आणि मोठ्या गिरणीमालकाला याची गरज नसते. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या तालमी आणि क्रीडामंडळे ज्यांच्या जिवावर चालली त्यांत दुकानदार, अडते, छापखानेवाले आणि लेथवाले इतके का दिसतात, याचे उत्तर त्यांच्या दानतीइतकेच त्यांच्या धंद्याच्या घडणीतही आहे. गल्ल्यात रोज थोडी रोकड येते, बाजारात पत असते, आणि दहा दुकानांतून वर्गणी मागायला तोंड असते. उलट बाजूने मैदानही धंद्याला काहीतरी देत असते. संघातली किती मुले अण्णांच्या लेथवर कामाला लागली, आणि तालमीच्या ओळखीवर किती फौंड्रींचे काम मिळाले, हे कामगारांना विचारून लिहा. त्यात कमीपणा नाही.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी एक परिच्छेद गावावर हवा, पण तो गौरवगीताच्या चालीवर नको. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि खासबागेचे मैदान उभारले हे सर्वांना ठाऊक आहे. कुस्तीच्या तालमींनीच पुढे फुटबॉलचे संघ उभे केले आणि १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या छत्राखाली ते आजही खेळतात, ही गोष्ट मात्र पुण्या-मुंबईच्या माणसाला अजून नवलाची वाटते. संघांची नावे वाचली तरी पुरे : पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. आखाडा ज्या नावाने ओळखला गेला त्याच नावाने आता गोल होतो. अशा गावात संघाचा खजिनदार हा पेठेचा माणूस असतो, आणि पेठापेठांतल्या ईर्षेचा वाटाही त्याच्या पदरात येतोच. मैदानावरची भांडणे अण्णांनी मिटवली असतील तर लिहा. एखादे लावलेही असेल, तर तेही लिहा.

याच गावाशी जोडलेली एक प्रसिद्ध गोष्ट इथे आठवते. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसे कमी पडत होते, आणि ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले तिथल्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि नंतर कुस्त्यांची मैदाने भरवून खाशाबांनी ते घर सोडवायला हातभार लावला असे सांगतात. ही कथा शाळाशाळांतून सांगितली जाते. पण घर गहाण पडले त्या रात्री त्या घरात कोण कोण राहत होते आणि त्यांना आधी विचारले होते का, हे कोणी सांगत नाही. आपल्या स्मरणिकेत निदान आपल्या घराबद्दल तरी हे राहून जाऊ नये.

आणखी दोन कामे लगेच करा. संघाच्या जुन्या छायाचित्रांवरची नावे डावीकडून उजवीकडे आजच लिहून घ्या, कारण ओळखणारे आता फार उरलेले नसतील. आणि सामन्यांचे निकाल आठवणीवर छापू नका. करवीर नगर वाचन मंदिरात किंवा वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत जुने अंक चाळायला मिळतात का ते पाहा. ५० वर्षांपूर्वीचा प्रत्येक पराभव आठवणीत टायब्रेकरवर झालेला असतो.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या निधनाची बातमी स्थानिक दैनिकात 'ज्येष्ठ क्रीडाप्रेमी व प्रसिद्ध व्यापारी' अशी आली. वय चुकले होते, आणि ते कोणता खेळ खेळत हेच बातमीत नव्हते. बातमी आपणच लिहून द्यायची असेल तर ती कशी असावी? (मिरज)

उत्तर : मी स्वतः २० वर्षे एका जिल्हा दैनिकाच्या बातमीच्या टेबलावर बसलो आहे आणि ज्यांना कधी पाहिले नाही अशा कित्येक माणसांना रात्री साडेअकराला 'आधारवड' करून टाकले आहे, तेव्हा या अपराधात माझाही हात आहे असे समजा. कारण साधे असते. घरच्यांचा फोन येतो, ते गहिवरलेले असतात, आणि नाव व अंत्ययात्रेची वेळ एवढेच मिळते. उरलेली जागा टेबलावरचा माणूस तयार शब्दांनी भरतो. म्हणून शांत डोके असलेल्या एका नातलगाने ८० शब्द लिहून द्यावेत. पूर्ण नाव आणि गावात ज्या नावाने हाक मारत ते नाव, वय, दुकान कोणत्या रस्त्यावर आणि कशाचे, खेळ कोणता आणि त्यातली त्यांची जागा कोणती, एवढे पुरे. 'डाव्या कोपऱ्यातून चढाई करत' हे चार शब्द 'क्रीडाप्रेमी' या एका शब्दापेक्षा जास्त सांगतात, आणि त्यांचे जुने सवंगडी नेमके तेच वाचून स्मशानात येतात. 'त्यांच्या पश्चात' हे वाक्य जुने असले तरी चांगले आहे, त्याला हात लावू नका. मात्र त्यात मुलगे आणि नातू मोजून मुली व सुना 'असा परिवार' या शब्दांत बुडवू नका.

प्रश्न : माझ्या वडिलांचे कराडला भुसार मालाचे दुकान होते आणि ते आयुष्यभर कुस्तीच्या तालमीशी जोडलेले होते. आम्ही चौघा भावंडांनी ३ लाख रुपये बाजूला काढले आहेत. त्यातून त्यांच्या नावाने दरवर्षी चषक किंवा कुस्ती मैदान सुरू करावे, असा विचार आहे. पैसे तालमीकडे द्यावेत का, आणि कसे? (कराड)

उत्तर : आधी आकडा पाहू. ३ लाखांची कायम ठेव ठेवली आणि ७ टक्के व्याज धरले, तर वर्षाला २१ हजार येतात. एका दिवसाच्या मैदानाचा मंडप, पंच, मल्लांची बक्षिसे आणि जेवण यात ते बसत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षी तुम्ही पदरचे घालाल, दुसऱ्या वर्षी वर्गणी मागाल, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी मैदान बंद पडले की वडिलांचे नाव बंद पडलेल्या मैदानाला चिकटून राहील. व्याज तेवढेच राहते आणि महागाई वाढत जाते, ही गोष्ट भुसार व्यापाऱ्याच्या मुलांना मी सांगायला नको.

चषकाबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. कोणत्याही जुन्या तालमीचे कपाट उघडून पाहा. फिरत्या ढालींची आणि चषकांची तिथे एवढी गर्दी असते की कोणता कोणाच्या स्मरणार्थ आहे हे पुसून पाहावे लागते. त्यापेक्षा त्याच २१ हजारांत एका होतकरू मुलाच्या दूध, बदाम, तुपाचा, म्हणजे खुराकाचा काही वाटा वर्षभर उचलता येतो. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि गावाकडची मुले मातीवर तयार होऊन तिथे जातात, तेव्हा तालमीकडे चांगली मॅट नसेल तर मुद्दलातूनच तिच्या खर्चाला हातभार लावणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. रक्कम अपुरी पडली तर जवळच्या एखाद्या कारखान्याला विचारा; कंपनी कायद्यानुसार ज्यांना सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करावा लागतो त्यांना ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ व ऑलिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणावर तो खर्च करता येतो.

पैसे देण्यापूर्वी तालमीचे कागद पाहायला संकोच करू नका. आपले वडील तिथे ४० वर्षे बसत होते म्हणून कागद नीट असतील असे नाही. उलट भरवशाचा माणूस असला की कागदांकडे कोणी पाहत नाही, असाच माझा अनुभव आहे. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेली आहे का, धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा ताजा उतारा काय दाखवतो, आणि त्यात विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत, हे पाहा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तसा अहवाल द्यावा लागतो, पण अनेक मंडळांच्या उताऱ्यावर दिवंगत माणसेच अजून कारभार पाहत असतात. कदाचित आपल्या वडिलांचे नावही तसेच राहिलेले असेल. ते आधी दुरुस्त करून घ्या, मग देणगी धनादेशाने द्या. आयकरातली सवलत संस्थेकडे तशी मान्यता असेल तरच मिळते, आणि २००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यासाठी धरली जात नाही.

एक शेवटची अट लेखी घाला. नाव किती वर्षे राहील ते ठरवून टाका, समजा २५ वर्षे, आणि त्यानंतर ती रक्कम तालमीने हव्या त्या कामाला, हव्या त्या नावाने वापरावी असे लिहा. भावंडांपैकी कोणाला हे रुचणार नाही. तरीही लिहा.

प्रश्न : सांगलीत मारुती चौकाजवळ आमच्या आजोबांचे किराणा दुकान होते. ते १९९८ मध्ये ८२ व्या वर्षी गेले. पेठेतल्या क्रीडामंडळाचे ते अनेक वर्षे चिटणीस होते आणि मंडळाच्या सभांचे वृत्तांत व जमाखर्च दुकानाच्याच वह्यांत लिहीत. २०१९ च्या पुरात त्या वह्या भिजल्या. काही पाने एकमेकांना चिकटली आहेत. आता त्या टंकलिखित करून ठेवायच्या आहेत. त्यात सगळीकडे 'हुतुतू' असे लिहिले आहे, ते 'कबड्डी' करावे का? आणि काही खेळाडूंना केलेल्या दंडाच्या नोंदी वगळाव्यात का? (सांगली)

उत्तर : दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'नाही' असेच आहे. हुतुतू हा आपल्याकडचा जुना शब्द. दक्षिणेत चेडुगुडु, बंगालमध्ये हाडुडू, अशी एकाच खेळाची नावे होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला, आणि शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. एवढी मजल मारताना नाव एक करावे लागले हे योग्यच झाले. पण आजोबांच्या वहीत हुतुतूचा कबड्डी कोणत्या वर्षी होतो, हे पाहण्यात खरी गंमत आहे. संघटनेने नाव ठरवल्यावर ते पेठेतल्या एका किराणा दुकानदाराच्या लेखणीत उतरायला किती वर्षे लागली, ते फक्त त्या वहीला ठाऊक आहे. आपण शब्द बदलला की ते कायमचे पुसले जाईल.

दंडाच्या नोंदींबद्दल आपली अडचण समजते, कारण त्या खेळाडूंची मुले-नातवंडे आजही त्याच पेठेत आहेत. छापायचे असेल तर नावाऐवजी आद्याक्षर द्या, पण टंकलिखित प्रतीत नोंद जशीच्या तशी ठेवा. 'सरावास गैरहजर, दंड ४ आणे, माफ' अशी एक ओळ आपण पत्रात दिली आहे. त्यातला 'माफ' हा शब्द वेगळ्या शाईने नंतर लिहिलेला आहे असेही आपण म्हणता. त्या मुलाने मधल्या काळात काय कारण सांगितले असेल याचा मी दोन दिवस विचार करत होतो.

चिकटलेली पाने ओढून सोडवू नका आणि त्यांवर इस्त्री तर मुळीच फिरवू नका, कारण शाई आणि कागद दोन्ही जातील. जेवढी सुटी आहेत तेवढ्यांची खिडकीशेजारच्या तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्या. तिरप्या उजेडात पुसट झालेल्या टाकाची खूणही कधी कधी दिसते. उरलेला गठ्ठा तसाच कोरड्या जागी, प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता ठेवा, आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातल्या जाणकारांना दाखवून मग हात लावा. आणखी एक सूचना अशी की मंडळाचे वृत्तांत वेगळे काढून शेजारचा किराणाचा हिशेब टाकून देऊ नका. ज्या पानावर सभेचा ठराव आहे त्याच पानावर अडीच शेर गूळ कोणाच्या खाती गेला हे असेल, तर तो गूळ खेळाडूंसाठी होता की गिऱ्हाइकासाठी, हे पुढे कोणीतरी शोधून काढील.

प्रश्न : माझे यजमान लवकरच ८१ वर्षांचे होतील. इचलकरंजीत आमचा सुताचा व्यापार होता, आता मुलगा पाहतो. ५५ वर्षे ते कबड्डीच्या मंडळात आहेत, अजूनही रोज संध्याकाळी मैदानावर खुर्ची टाकून बसतात. मुले आणि मंडळ मिळून सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी जाहीर सत्कार करणार आहेत आणि मलाही शेजारी बसवून माझी ओटी भरणार आहेत. मला त्यांचा अभिमान आहे. पण स्पर्धेच्या दिवसांत १४-१५ मुलांचा स्वयंपाक मी केला, त्यांचे गणवेश मी धुतले, सुताचे भाव पडले त्या वर्षी माझ्या पाटल्या मोडल्या तेव्हाही मंडळाची वर्गणी चुकली नाही, आणि मोठ्या मुलीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी हे बाहेरगावी अंतिम सामन्याला होते. हे मी कधी कोणाला बोलले नाही. आता व्यासपीठावर नुसते हसत बसायचे मला जड जाते. न जावे का? (इचलकरंजी)

उत्तर : आक्का, न जाण्याचा सल्ला मी देणार नाही, आणि नुसते बसण्याचाही नाही.

आपले पत्र वाचताना मला एक हिशेब सुचला. हजार पौर्णिमा पाहायला ८१ वर्षांना थोडेसे कमी दिवस लागतात; त्यांतल्या लग्नानंतरच्या किती पौर्णिमांच्या रात्री यजमान घरी जेवायला होते, हे आपल्यालाच सांगता येईल. मैदानावर पंचांच्या टेबलाशी बसलेल्यांना ते सांगता येणार नाही, कारण तिथे ते नेहमीच होते. मंडळाच्या दृष्टीने हा माणूस कधीच गैरहजर नव्हता. त्याच्या गैरहजेऱ्या सगळ्या एकाच ठिकाणी मांडलेल्या आहेत. ती नोंद आपल्याकडे आहे, आणि सत्काराच्या दिवशी ती नसेल तर सत्कार अर्ध्या माणसाचा होईल.

मात्र ती पहिल्यांदा व्यासपीठावर उघडू नये. पाटल्यांची आणि पाहुण्यांच्या दिवसाची गोष्ट आधी घरी, त्यांच्याजवळ बोला. ५५ वर्षे मैदानावर काढलेली माणसे भिडस्त असतात असा माझा अनुभव आहे. पंचाशी हुज्जत घालतील, पण घरात 'चुकलो' म्हणायला त्यांना शब्द सापडत नाही. कदाचित ते काहीच बोलणार नाहीत आणि उठून मैदानावर जातील. कदाचित त्यांना पाटल्यांचे वजनसुद्धा आठवत असेल. काहीही झाले तरी निदान त्यांना हे कळलेले असेल, आणि मग आपण चारचौघांत जे बोलाल ते गाऱ्हाणे ठरणार नाही.

कार्यक्रमात आपल्याला पाच मिनिटे हवीत असे मुलांना आजच सांगा, आणि ओटी भरण्याआधी हवीत असे सांगा, कारण ओटी भरून झाली की निवेदक थेट आभारप्रदर्शनाकडे वळतो. तक्रार करू नका, आकडे द्या : एका स्पर्धेला किती भाकऱ्या लागत, गणवेशाची लाल माती कशाने निघे, कोणत्या खेळाडूला तिखट चालत नसे, कोणता मुलगा जेवताना डोळ्यांत पाणी आणत असे कारण त्याला घरी आई नव्हती. समोर बसलेल्यांत ती मुले असतील. त्यांचे केस आता पांढरे झालेले असतील, आणि आपले नाव ऐकताच उभी राहणारी माणसे यजमानांच्या नावाला उभी राहणाऱ्यांपेक्षा कमी निघणार नाहीत. बोलायला संकोच वाटला तर लिहून द्या आणि मोठ्या मुलीला वाचायला सांगा. तिच्या वाट्याची ओळ तिने स्वतः घालावी की नाही, हे तिच्यावर सोडा.

मानपत्राचा मसुदा मंडळाकडून आधी मागून घ्या आणि हवा तर आमच्याकडे पाठवा, आम्ही शुद्धलेखन पाहून परत करू. 'सहधर्मचारिणीची मोलाची साथ लाभली' ही ओळ त्यात असणारच. ती तेवढी खोडून मग पाठवा, आणि तिच्या जागी स्वयंपाकाच्या मुलांची संख्या लिहा.